एक संगणक, सहा कारकून

माळशिरसच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ज्यांनी द्विशिक्षकी शाळा चालवली आहे, त्यांना पुढचा विषय निम्मा आधीच ठाऊक आहे. एका खोलीत दोन वर्ग, समोर एकच बाई. पहिलीला पाढा लिहायला दिला की बाई दुसरीच्या शुद्धलेखनाकडे वळतात. मुले लिहीत असतात तेवढा वेळ तिथे बाईंचे काही काम नसते. तोच वेळ त्या दुसऱ्या वर्गाला देतात. मात्र कोणता वर्ग कुठवर आला होता, हे त्यांना पक्के लक्षात ठेवावे लागते.

संगणकातही हेच घडवता येते. कारकून एक कळ दाबून दुसरी दाबतो, यात सेकंदाचा पाचवा भाग जातो. तेवढ्यात १९८०च्या दशकातला साधा प्रोसेसरही हजारो सूचना पार पाडत असे. म्हणजे कारकुनाच्या मानाने यंत्र बहुतेक वेळ रिकामेच. मग एकाच यंत्राला सहा पडदे आणि सहा कळफलक का जोडू नयेत? या पडद्यांना ‘डंब टर्मिनल’ म्हणत, कारण त्यांच्यात स्वतःचे डोके नसे. कोणाला किती वेळ द्यायचा, कोणाचे काम कुठे थांबले होते आणि एकाची पाटी दुसऱ्याने पुसू नये, हे सगळे पाहणारा कार्यक्रम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ‘युनिक्स’ ही प्रणाली उभी केली. तिचे पहिले कचेरीतले गिऱ्हाईक होते त्याच संस्थेचा पेटंट विभाग. १९७१ मध्ये तिथले तीन टंकलेखक दिवसभर एकाच यंत्रावर अर्ज टंकत. यंत्राची स्मृती अवघी २४ किलोबाइट, त्यातली १६ प्रणालीनेच व्यापलेली. एकाची स्मृती दुसऱ्यापासून वेगळी राखण्याची सोय यंत्रात नव्हती. त्यामुळे नवा कार्यक्रम चालवून पाहणे धाडसाचेच असे; तो फसला तर टंकलेखकांचे कामही त्याच्याबरोबर जाई.

ही प्रणाली छोट्या यंत्रांवर आणून धंद्याला उपयोगी केली ती ‘झेनिक्स’ने. मायक्रोसॉफ्टने युनिक्सचा परवाना घेऊन १९८० मध्ये झेनिक्स जाहीर केली. युनिक्स हे नाव वापरायची मुभा नव्हती, म्हणून हे नवे नाव. कंपनी ती थेट गिऱ्हाइकाला न विकता यंत्रे बनवणाऱ्यांना देई. १९८३ मध्ये सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीने ती ८०८६ जातीच्या प्रोसेसरवर चालती केली. स्मृतीचे संरक्षण मात्र त्याच्या पुढच्या ८०२८६ प्रोसेसरमध्ये आले.

झेनिक्समध्ये घातलेली एक सोय मला सर्वांत महत्त्वाची वाटते: नोंदीला कुलूप. समजा, संयुक्त खात्यात ५,००० रुपये आहेत. एका खिडकीवर नवरा २,००० काढतो, त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीवर बायको १,००० भरते. दोन्ही कारकुनांच्या पडद्यावर ५,०००च दिसतात. पहिला ३,००० लिहितो, लगेच दुसरा त्यावर ६,००० लिहितो. खरी शिल्लक ४,०००! लिहिण्याचा क्रम उलटला तर खात्यावर ३,००० उरतील आणि हजार रुपये खातेदाराचे बुडतील. दोघांचीही बेरीज-वजाबाकी बरोबर, तरी उत्तर चूक. उपाय साधा आहे: एकाने नोंद उघडली की ती त्याचे लिहून होईपर्यंत दुसऱ्याला उघडू द्यायची नाही. जुन्या खातेवहीत हे आपोआप होई, कारण वही एकाच टेबलावर असे.

आपल्याकडे बँकांत संगणक आले ते वादातून वाट काढत. नोकऱ्या जातील ही कर्मचाऱ्यांची भीती अनाठायी नव्हती. १९८३ मध्ये त्यांच्या संघटनांशी मर्यादित यंत्रीकरणाचा करार झाला आणि १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने शाखांमध्ये खाते-नोंदणी यंत्रे बसवण्याची शिफारस केली. पुढे बँकांच्या यंत्रांवर युनिक्सच्या कुळातल्या प्रणाली मोठ्या प्रमाणावर आल्या.

आमच्या भागात त्यांचा खरा शत्रू वीज. अशा प्रणाली लिहिलेला मजकूर लगेच तबकडीवर नेत नाहीत; थोडा वेळ स्मृतीत साठवून मग एकदम लिहितात, त्यामुळे वेग वाढतो. पण तेवढ्यात दिवे गेले तर ताज्या नोंदी जातात आणि फायलींची मांडणीही बिघडू शकते. म्हणून बॅटरीवरचा पुरवठा ठेवत आणि यंत्र बंद करताना रीतसर आज्ञा देत. नुसते बटण दाबणे हा गुन्हाच.

हे वर्गात करून पाहा. फळ्याच्या कोपऱ्यात ५,००० लिहा. दोन मुलांनी तो आकडा आपापल्या पाटीवर उतरवायचा, फळ्याकडे पाठ करून हिशेब करायचा आणि मग जुना आकडा पुसून उत्तर लिहायचे. घोळ झाला की नियम करा: खडू ज्याच्या हाती, त्यानेच आकडा वाचायचा आणि लिहायचा. नंतर दोन खाती आणि दोन रंगीत खडू घ्या. एकाने पांढऱ्या खात्यातून पिवळ्यात पैसे न्यायचे, दुसऱ्याने पिवळ्यातून पांढऱ्यात. दोघांनी एकेक खडू आधी उचलला तर दोघेही दुसऱ्याच्या खडूची वाट पाहत उभे राहतील. त्यातून मुले कोणता तोडगा काढतात, ते आम्हाला जरूर कळवा.