वैमानिक होण्यापूर्वी

करकंब परिसरातील शेतकरी-शेतमजुरांची मुले-मुली आता वैमानिक होण्याची इच्छा बोलून दाखवितात, याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु परवाना म्हणजे नोकरी नव्हे, हे पालकांनी प्रथम ध्यानी घ्यावे. भौतिकशास्त्र व गणितासह बारावी, वैद्यकीय पात्रता, लेखी परीक्षा आणि 200 तासांचे उड्डाण यांनंतर व्यावसायिक परवाना मिळतो. विशिष्ट जातीच्या विमानाचे प्रशिक्षण त्यापुढे, वेगळ्या खर्चाचे. 2012 मध्ये किंगफिशर, 2019 मध्ये जेट एअरवेज व 2023 मध्ये गो फर्स्ट या कंपन्यांची उड्डाणे थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिकच नोकरीच्या रांगेत उभे राहिले. नवशिक्यांचा क्रमांक साहजिकच मागे गेला. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत, आणि परवाना चालू ठेवण्यासही पैसा लागतो. म्हणून शेत गहाण टाकण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीच्या प्रवेशपरीक्षेस बसावे. तेथे मागास प्रवर्गांसाठी राखीव जागा असतात. सोबत पदवीही पूर्ण करावी. मंदी कायमची नसते. परंतु ती ओसरेपर्यंत घर कसे चालेल, याची तजवीज आधीच केलेली असावी, एवढेच आमचे सांगणे आहे.