डॉक्टरेटच्या दारात आपली ताकद कशी मोजावी?

अकोल्याच्या धान्यबाजारातील आमच्या एका हमाल सभासदाने मध्यंतरी आम्हांस विचारले, "भाऊ, पोराले पीएच्. डी. ले घेतीन काय?" पोरगा राज्यशास्त्रात ६१ टक्के गुणांनी एम. ए. झालेला. आम्ही स्वतः विद्यार्थी म्हणून महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. तेव्हा नियम मागवून वाचले, दोन प्राध्यापकांना विचारले आणि संप पुकारण्यापूर्वी करतो तसा हिशेब मांडला. किती माणसे बाहेर येतील, निधीवर किती महिने चूल पेटेल, मालकाजवळ साठा किती, हे न पाहता झेंडा उचलणारा पुढारी कामगाराचे घर मोडतो.

पात्रता आणि चुरशीतील बळ ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे एम. ए. ला ५५ टक्के लागतात; मागास प्रवर्ग, अपंग व आर्थिक दुर्बल ह्यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. हा गिरणीचा गेटपास झाला. साचा मिळाला असे नव्हे. पुढे परीक्षेच्या गुणांना ७० व मुलाखतीला ३० असे वजन. जून २०२४ पासून नेट परीक्षेचे गुणही ह्या प्रवेशाला धरतात; मात्र ते एकच वर्ष चालतात. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळवणाऱ्याचा प्रवेश मुलाखतीवर ठरतो. नेटमध्ये तीन तासांत १५० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या की आपण कोठे उभे आहोत हे कळते. एम. ए. चे गुण ते सांगत नाहीत.

परंतु खरी चुरस जागेची असते, आणि तिचा विचार फार थोडे करतात. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ व सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक, ही मर्यादा आहे. आपल्या विषयाच्या मार्गदर्शकाची संख्या भरलेली असेल, तर उत्तम गुणही खुंटीला टांगावे लागतात. अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले व वऱ्हाडातील पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. तेथील मार्गदर्शकांपैकी कोणाकडे जागा रिकामी आहे आणि त्याने आजवर कशावर काम करवून घेतले, हे अर्जापूर्वी पाहावे.

दुसरी कसोटी विषयाची. मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "विदर्भाचा मागासलेपणा." हा विषय नव्हे, ही तक्रार झाली, आम्ही ती सभेत रोज मांडतो! १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार, घटनेचे ३७१ (२) कलम, १९९४ मध्ये आलेली आणि एप्रिल २०२० मध्ये मुदत संपलेली विकास मंडळे, एवढी सामग्री दारात पडलेली असताना प्रश्न नेमका हवा. उदाहरणार्थ, सिंचनाच्या अनुशेषाबाबत मंडळाने केलेल्या शिफारशींपैकी अकोला व अमरावती जिल्ह्यांत किती अमलात आल्या आणि अडल्या त्या कोणत्या टेबलावर? असा प्रश्न, त्याची कागदपत्रे कोठे मिळतील ह्याचे उत्तर, आणि पूर्वीच्या अभ्यासकांहून आपण वेगळे काय करणार हे दोन पानांत लिहिता आले, तर मुलाखतीत मनुष्य टिकतो.

आता चुलीचा हिशेब. मुदत किमान ३ व कमाल ६ वर्षे. स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. केंद्राची छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये झाली. ती न मिळाल्यास राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती ह्यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. मात्र त्यांसाठी विद्यार्थ्यांना आंदोलनेही करावी लागली आहेत. छात्रवृत्तीविना उतरणाऱ्याने घरात दुसरा कमावता हात आहे की नाही हे आधी पाहावे. शिवाय जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी डॉक्टरेट सक्तीची नाही. नेट किंवा सेट पुरते. पदवी पदरी असूनही कित्येक जण तासिका तत्त्वावर राबतात. आमच्या लेखी तो शिकलेला रोजंदार कामगारच.

बाबासाहेबही १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या छात्रवृत्तीवर कोलंबियाला गेले होते. त्यांचा प्रांतिक अर्थकारणावरील प्रबंध १९२५ मध्ये छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. आजही अमेरिकेतील चांगली विद्यापीठे निवडलेल्यांची फी माफ करून निर्वाहवेतन देतात. पण घेतात मोजकेच, आणि त्यासाठी इंग्रजीतील स्वतःचे संशोधनलेखन व सहसा तीन शिफारसपत्रे लागतात. अमुक विद्यार्थी हुशार आहे, एवढेच लिहिणाऱ्याचे पत्र तेथे चालत नाही. त्याने काय शोधले हे सांगणारा गुरू हवा.

हा सारा हिशेब आम्ही त्या हमालाच्या ओसरीवर कागदावर मांडला. बापाने एकच आकडा विचारला : वर्षे किती? मुलाने यंदा अर्ज केला नाही. दिवसा तो एका दुकानी हिशेब लिहितो, रात्री नेटच्या प्रश्नपत्रिका सोडवतो, आणि दर रविवारी सिंचनाचे जुने अहवाल वाचून टिपणे काढतो. दोन पानांपैकी दीड पान झाले आहे.