चित्राशी झालेली जुनी लढाई

ऑगस्ट २०२५ मध्ये अबू धाबीहून एका उत्खननाची बातमी आली. सर बनी यास नावाच्या बेटावर मातीखाली पालथी पडलेली गिलाव्याची एक पाटी सापडली होती. लांबी २७ सेंटिमीटर, रुंदी १७, जाडी जेमतेम दोन. तिच्यावर क्रूस कोरलेला. क्रूसाखाली गोलगोथाच्या टेकडीची आठवण करून देणाऱ्या पायऱ्या आणि बुंध्याशी फुटलेली पानं. ज्या लाकडावर माणूस मारला, त्याला पालवी फुटलेली!

या बेटावर एक ख्रिस्ती मठ होता हे १९९२ मध्येच उजेडात आलं होतं. सातव्या-आठव्या शतकात इथे साधू राहत होते. ही पाटी मिळाली ती मठाच्या आसपासच्या एका अंगणाच्या घरात, आणि अशा घरांमध्ये ज्येष्ठ साधू एकांतात राहत असावेत असं पुरातत्त्वज्ञ मानतात. २०२२ मध्ये उम्म अल कुवैनच्या सिनिया बेटावरही असाच मठ सापडला. म्हणजे आज जिथे दुबई-अबू धाबीचे मनोरे उभे आहेत, त्याच किनाऱ्यालगत तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी माणसं समुद्राचं कुंपण घालून घेऊन प्रार्थनेला बसली होती.

ही माणसं पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेची. त्यांची उपासनेची भाषा सिरियाक, आणि त्यांचं जाळं इराक-इराणपासून आखातातून थेट हिंदुस्थानापर्यंत पसरलेलं. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे की ‘कल्याना’ इथे पर्शियातून नेमलेला बिशप असतो. हे गाव म्हणजे आपलं ठाणे जिल्ह्यातलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा ही कथा आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

आता प्रश्न असा, की बेटावर बाजार नाही, नाच-तमाशा नाही, स्त्री दृष्टीस पडायची नाही, मग कामवासनेचा प्रश्न तिथे उरतोच कुठे? या मंडळींच्या गुरुपरंपरेने याचं जे उत्तर देऊन ठेवलं आहे, ते वाचून मी थक्क झालो. आज मोबाइलवर अश्लील चित्रफिती पाहण्याच्या सवयीबद्दल आपण जे बोलतो, त्याचा गाभा त्यांनी सोळाशे वर्षांपूर्वी हेरला होता.

त्या परंपरेचा एक मोठा पाया म्हणजे एव्हाग्रियस. हा चौथ्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये डीकन होता. हुशार, वक्ता, राजधानीत नाव झालेला. तिथे तो एका बड्या घरच्या विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतला. सुटका कशी करून घ्यावी ते कळेना. अखेर एका स्वप्नात त्याने शहर सोडण्याची शपथ घेतली आणि जहाज धरून तो जेरुसलेमला गेला. तिथेही मन थाऱ्यावर येईना, सहा महिने तापाने खितपत पडला. मेलानिया नावाच्या एका थोर स्त्रीने त्याला बोलतं केलं, मनातलं सगळं काढून घेतलं, आणि मग तो इजिप्तच्या वाळवंटात गेला. इ.स. ३९९ मध्ये वारला तो तिथेच.

एव्हाग्रियसने माणसाला छळणाऱ्या विचारांची यादी केली. आपले षड्रिपू सहा, त्याचे विचार आठ. आपल्याकडे काम पहिला, त्याच्याकडे खादाडपणानंतर दुसरा. त्याचं एक निरीक्षण मात्र विलक्षण आहे. संसारी माणसाशी सैतान वस्तू पुढे करून लढतो, साधूशी लढताना त्याला वस्तू लागत नाही, तो वस्तूचं चित्र पुढे करतो. आणि चित्राशी लढणं जास्त अवघड.

थोडं थांबून याचा विचार करा. समोर कोणी नाही. हाक मारली तर ओ देणारं, नकार देणारं, रुसणारं, म्हातारं होणारं माणूस नाही. आहे ती फक्त प्रतिमा, आणि ती कधी थकत नाही. एके काळी हा अनुभव वाळवंटात जाऊन बसलेल्या मूठभर लोकांच्याच वाट्याला येत असे. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे.

अमिरातीत तर तो फार दाटून येतो. तिथे कुटुंबाशिवाय राहणाऱ्या पुरुषाला ‘बॅचलर’ म्हणतात, मग त्याची बायको वसईत का असेना आणि दोन मुलं शाळेत का जात असेनात. एका खोलीत सहा-आठ पलंग, प्रत्येक पलंगाला पडदा. रात्रपाळी करून आलेला माणूस पडदा ओढतो, इअरफोन लावतो आणि घरी व्हिडिओ कॉल करतो. कॉल संपतो. झोप येत नाही. हातात तोच फोन असतो.

अमिरातीत अश्लील संकेतस्थळं बंद केलेली आहेत. २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्याने, व्हीपीएनच्या आडून गुन्हा करणाऱ्याला पाच लाखांपासून वीस लाख दिरहमपर्यंत दंड होऊ शकतो. भिंत असावी, ती कामाचीच असते. पण साधूंच्या भोवती तर अख्खा समुद्र होता, तरी लढाई संपली नव्हती.

त्यांनी मग लढाईचे टप्पे पाडले. सातव्या शतकात सिनाई पर्वतावरच्या जॉन क्लायमॅकसने ते नीट मांडले आहेत. पडद्यामागच्या त्या माणसावर ते लावून पाहू. स्क्रीनवर नकळत एक चित्र येतं, ही पहिली पायरी. यात पाप नाही, जबाबदारी नाही. दुसऱ्या पायरीवर बोट थबकतं, मन त्या चित्राशी बोलू लागतं. तिसरी पायरी म्हणजे होकार. पुढे येते कैद, मग ओढाताण, आणि शेवटी ती गोष्ट स्वभावाचाच भाग होऊन बसते. विचार येणं आपल्या हाती नाही, त्याला ठेवून घेणं आपल्या हाती आहे, हे एव्हाग्रियसने आधीच सांगून ठेवलं होतं. मला यातली कोवळीक मोलाची वाटते. मनात काही आलं म्हणून स्वतःला नीच ठरवणारी किती मुलं-मुली आपल्या आसपास आहेत! त्यांना सांगायला हवं की लढाई पहिल्या पायरीवर हरली जात नसते. ती दुसऱ्या पायरीवर सुरू होते, आणि तिथे जिंकणं सर्वांत सोपं असतं.

कसं जिंकायचं? पळून. बायबलमध्ये योसेफ आपलं वस्त्र मोहात पाडू पाहणाऱ्या मालकिणीच्या हातात टाकून पळाला. कुराणातही ही कथा आहे, तिथे यूसुफचा सदरा मागून फाटतो आणि तो पळत होता याची साक्ष देतो. अमिरातीतल्या ख्रिस्ती माणसाच्या मुसलमान शेजाऱ्यालाही हा नायक तितकाच आपला वाटतो. संत पौलाने करिंथकरांना हेच सांगितलं की व्यभिचारापासून पळा. वासनेशी वाद घालत बसू नये. पडद्यामागच्या माणसासाठी पळणं म्हणजे फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावून झोपणं. उपाय इतका साधा असू शकतो.

पण ख्रिस्ती विचार नुसत्या पळण्यावर थांबत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने वासनेची नजर हाच अंतःकरणातला व्यभिचार ठरवला. लोकांना त्यातला कठोरपणा तेवढा ऐकू येतो. मला त्यात त्या स्त्रीची बाजू घेतलेली दिसते. ती तिथे नसतानाही, तिला कधी कळणार नसतानाही, तिच्याकडे वस्तू म्हणून पाहायचं नाही! १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणाने पोर्नोग्राफीबद्दल हेच म्हटलं आहे, की ती करणारा, विकणारा आणि पाहणारा या सगळ्यांच्याच प्रतिष्ठेला घाव घालते. देह घाणेरडा म्हणून हा नकार नाही. देवाने स्वतः देह घेतला असं मानणाऱ्यांना देह घाणेरडा म्हणताच येत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळात १२९ प्रवचनं मानवी देहाच्या थोरवीवर दिली, ती याच श्रद्धेपोटी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जॉन कॅसियन या साधूने इजिप्तमधली एक हकिगत लिहून ठेवली आहे. एक तरुण साधू वासनेने हैराण होऊन एका वृद्धाकडे गेला. वृद्धाने त्याला झिडकारलं, तू साधू म्हणवून घ्यायला नालायक आहेस म्हणाला. पोरगा खचला आणि मठ सोडून संसारात परत निघाला. वाटेत अब्बा अपोलो भेटले. त्यांनी त्याचा चेहरा वाचला, जवळ बसवलं, बोलतं केलं आणि सांगितलं की या वयात, पांढऱ्या केसांनी, मलाही हे विचार छळतात. पोरगा परत फिरला. अपोलो मग त्या वृद्धाच्या झोपडीपाशी गेले आणि त्यांनी देवाजवळ मागितलं की या मुलाची पीडा जरा याला कळू दे. थोड्याच वेळात तो म्हातारा वेड लागल्यासारखा बाहेर पळत सुटला.

वाळवंटातल्या अशा गोष्टी एनानिशो या साधूने सातव्या शतकात सिरियाक भाषेत एका मोठ्या ग्रंथात एकत्र केल्या. आणि त्या ग्रंथावर भाष्य लिहिणारा दादिशो हा आखाताच्या किनाऱ्यावरचा, बेत कत्राये प्रांतातला होता. आजचा कतार आणि त्याच्या आसपासचा मुलूख म्हणजे हा प्रांत. सर बनी यास तिथून दूर नाही. निनवेचा इसहाकही याच प्रांतात जन्मला. त्याला बिशप केलं, तर पाच महिन्यांत पद सोडून तो डोंगरात एकांतवासाला गेला, आणि वाचून वाचून डोळे गेले तरी देवाच्या दयेबद्दलच सांगत राहिला. त्याच्या लेखी माणसाचं पाप म्हणजे देवाच्या करुणेच्या अथांग सागरात टाकलेली मूठभर वाळू.

त्याच परंपरेत अम्मा सारा ही साध्वी आहे. तेरा वर्षं ती कामविकाराशी झुंजली. ही झुंज संपू दे, असं तिने कधी मागितलं नाही. मागितलं ते फक्त बळ. वासना हा केवळ पुरुषांचा प्रश्न आहे असं समजणाऱ्यांनी तिचं नाव लक्षात ठेवावं.

दुबईच्या ऊद मेथा भागातलं सेंट मेरीज असो की अबू धाबीचं सेंट जोसेफ्स, तिथे पापनिवेदनाला येणाऱ्यांमध्ये वसईची, गोव्याची, मंगळूरची माणसं असतात. घरापासून समुद्रापलीकडे आलेली, आणि मनातलं कोणाजवळ तरी बोलावं म्हणून आलेली. तुम्ही फादर असा, सिस्टर असा, आई-बाप असा, खोलीतला वडीलधारा दोस्त असा, कोणी असं काही सांगायला तुमच्याकडे आलं तर पहिल्या म्हाताऱ्यासारखं वागू नका. आधी त्याला बसवा. त्याचं पूर्ण ऐकून घ्या. सवय हाताबाहेर गेली असेल तर समुपदेशकाकडे न्या, आणि त्याच्याबरोबर स्वतः जा.