गाडी का रुसली?

गावाहून परतल्यावर बाबांनी किल्ली फिरवली अन् गाडीने नुसतंच ‘कट्कट्’ केलं, असं झालंय ना कधी? आतला दिवा चालू राहिला, की बॅटरी अशी उतरते. तिच्यात शिशाच्या प्लेटा नि पातळ गंधकाम्ल असतं. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे जमतात. मग ती पूर्ण चार्जच होत नाही. उन्हाच्या तापानेही ती लवकर थकते. एरवी ३ ते ५ वर्षं टिकते. म्हणून गाडी सावलीत लावावी, आठवड्यातून एकदा तरी लांबवर फिरवावी. पाणी घालायची बॅटरी असेल, तर डिस्टिल्ड वॉटरच घालावं. नळाच्या पाण्यातले क्षार तिला बाधतात. हे काम मात्र मोठ्यांचंच! आम्लाने कातडी भाजते. तुम्ही उतरताना फक्त दिवा बघा. मग धक्का मारायची पाळी येणार नाही!