ग्रुपात नवे? आधी किल्ल्या

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात जमीन वरचेवर हादरू लागली. रात्री भांडी खडखडली की शेजाऱ्याला विचारावंसं वाटतंच, ‘जाणवलं का?’ समजा, अशाच एका रात्री चारोटीतले एक आजोबा पहिल्यांदाच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपात आले. पडदा कोरा! आधीच्या गप्पा कुठे गेल्या?

ॲडमिनवर रागावू नका. २०१६ पासून इथला प्रत्येक निरोप कुलूपबंद जातो आणि किल्ल्या सभासदांच्या फोनांतच असतात, कंपनीच्या सर्व्हरकडे नाहीत. आजोबा आले की इतरांचे फोन आपापली किल्ली त्यांना स्वतंत्र कुलपात घालून पाठवतात. ही किल्ली दर निरोपाला बदलते आणि पुढेच फिरते; मागची कुलपं तिने उघडत नाहीत. त्यानंतर निरोप एकदाच कुलूपबंद होतो, त्याच्या प्रती सर्व्हर वाटतो. नाहीतर १,०२४ जणांच्या ग्रुपात साधं ‘हो, जाणवलं’ पाठवायला फोनला हजार कुलपं लावावी लागली असती. कोणी ग्रुप सोडला की सगळ्यांच्या किल्ल्या नव्याने घडतात.

आजोबांचा नंबर मात्र आल्याआल्या सगळ्यांना दिसतो. हे कोणी आधी सांगत नाही.