गरम झाली की रुसणारी गाडी

भर उन्हात सिग्नलला गाडी गपकन बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन नुसतंच फिरतं, पेटत नाही. अर्ध्या तासाने मेकॅनिक येतो, बोनेट उघडतो आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू! "काहीच झालं नाहीये," तो म्हणतो. त्या क्षणी ते अगदी खरं असतं.

अशा वेळी जुन्या पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांत पहिला संशय क्रँक सेन्सरवर. अंगठ्याएवढी वस्तू, आत चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. समोरून क्रँकबरोबर फिरणारी दातेरी चकती जाते आणि दर दात्यागणिक तारेत विजेची एक लहर उठते. अनेक गाड्यांत या चकतीवर ६० दात्यांची जागा असते, पण त्यातले दोन मुद्दाम ठेवलेलेच नसतात. त्या फटीवरून गाडीचा कॉम्प्युटर ओळखतो, पिस्टन आत्ता कुठे आहे ते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २९०० दाते मोजले जातात, तेही बिनबोभाट. लहरी थांबल्या की कॉम्प्युटर ठिणगीही तोडतो आणि पेट्रोलही.

आता त्या तारेला कुठेतरी न दिसणारी चीर गेली आहे असं समजा. तापल्यावर भोवतालचं प्लास्टिक फुगतं आणि तुटलेली टोकं दूर सरतात. निवल्यावर पुन्हा टेकतात. गंमत म्हणजे इंजिन बंद केल्यावर बोनेटखाली काही काळ उकाडा वाढतोच, कारण पाणी खेळायचं थांबतं, वारा थांबतो. म्हणून चहाला थांबलेली गाडी नेमकी तिथेच अडते.

तिला अडलेलीच पकडायला हवं. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तो जरासा तरी हलतो. ढिम्म राहिला तर सेन्सरवरचा संशय पक्का होतो. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोनेक सेकंदांची घरघर आली का, तेही ऐका.

मग सेन्सर काढायचा, मल्टिमीटर लावायचा आणि वर हेअर ड्रायर धरायचा. (हा प्रयोग मला फार आवडतो.) तांब्याचा रोध अंशागणिक सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २५ अंशांना ८०० ओहमचं वेटोळं ८५ अंशांना हजाराच्या आसपास. आकडा सावकाश चढत राहतो, ९००, ९२०, ९४०... आणि एकदम 'ओएल'. तार सुटली. ड्रायर बंद करा, थोड्या वेळाने आकडा परत हजर.

आकडा शेवटपर्यंत सरळ चढला तर सेन्सर निर्दोष. मग रिले तपासा. नव्वदच्या दशकातल्या होंडांचा मेन रिले यासाठी बदनाम आहे. डॅशबोर्डखाली बसलेला, आतलं सोल्डर तडकलेलं. उन्हात उभी केलेली गाडी चालूच होत नाही. काचा खाली करून केबिन गार होऊ दिली की होते.