उजवा प्रकाश, डावा प्रकाश

मागच्या वेळी आपण मेदूवडा आणि चहाचा कप यांच्यापाशी थांबलो होतो. दोघांनाही भोक एकच, म्हणून टोपॉलॉजीच्या लेखी दोघे सारखे. आता या भोकांच्या हिशेबाचा प्रकाशाशी काय संबंध, ते पाहू.

मोलिब्डेनम डायसल्फाइड घ्या. गॅरेजमधल्या काळ्या ग्रीसमध्ये असतं तेच. त्याचा एकच पदर सुटा केला, म्हणजे मध्ये मोलिब्डेनम आणि वर-खाली गंधक, की एरवी मंद असणारा हा पदार्थ प्रकाश पडल्यावर चांगला चमकतो. हे २०१० मध्ये दिसलं.

या पदरातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा नकाशा काढला (हा नकाशा जागेचा नाही, संवेगाचा आहे बरं का!), तर त्यात दोन तऱ्हेच्या दऱ्या दिसतात. ऊर्जेची दरी दोन्हीकडे सारखीच खोल. नुसती ऊर्जा मोजून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. मग फरक कशात? दरीभोवती एक फेरी मारून इलेक्ट्रॉन मूळ जागी आला, तरी त्याच्या तरंगाची कला, म्हणजे फेज, थोडी सरकलेली असते. एका दरीत एका बाजूला, दुसरीत उलट. विशीतल्या एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये बंगळूरला प्रकाशाच्या ध्रुवणाबाबत असंच सरकणं दाखवलं होतं. मायकेल बेरी यांनी १९८४ मध्ये ते क्वांटम यांत्रिकीत व्यापक रूपात मांडलं.

आता प्रकाशही गोल फिरणारा सोडू. उजवा एका दरीतले इलेक्ट्रॉन वर उचलतो, डावा दुसरीतले. २०१२ च्या प्रयोगांत परत येणारा प्रकाशही बराचसा त्याच बाजूने फिरणारा निघाला. प्रकाशाने दरी ओळखली!

पण याला टोपॉलॉजी म्हणायचं का? आम्ही तत्त्वज्ञानवाले शब्दाला धरून बसणारे. टोपॉलॉजीला पूर्णांक लागतो, अर्धं भोक नसतं. इथे एकेका दरीच्या वाट्याला साधारण अर्धा येतो, तोही उलट चिन्हांचा. बेरीज शून्य. म्हणजे ही वक्रता झाली, भूमिती झाली. शोधनिबंधांत मात्र दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

दोन्ही अर्धे एकाच चिन्हाचे झाले तर? काळाची सममिती मोडली तर तसं होऊ शकतं, हे हॉल्डेन यांनी १९८८ मध्ये कागदावर दाखवलं. ती सममिती खुद्द फिरणारा प्रकाशच मोडू शकेल, असं ओका आणि आओकी यांनी २००९ मध्ये सुचवलं. २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या प्रयोगाचा निकाल आला: ग्राफीनवर अवरक्त प्रकाशाचे फिरते स्पंद टाकले, आणि चुंबक नसताना प्रवाह आडवा वळला. प्रकाश उलटा फिरवला की तोही उलटा. त्यातला किती वाटा टोपॉलॉजीचा आणि किती इलेक्ट्रॉनांच्या असमान वाटणीचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो आपण पुढच्या वेळी घेऊ.